‘एकटाच’मधला च

फहाहीलला शिंप्याच्या दुकानावरची ती खोली
शुक्रवारी सकाळी दोन तास मराठीची असते.
बाकीचा आठवडा तिथे कराटे.
भिंतीवर काळ्या पट्ट्यांचे फोटो, खाली माझी बाराखडी,
आणि चौदा मुलं, सात ते दहा वयाची,
जी एकमेकांशी इंग्रजीत भांडतात
आणि माझ्यासाठी मराठीत समेट करतात.

पहिला धडा मीच लिहिलेला : माझी ओळख.
माझे नाव अमुक. माझी शाळा अमुक.
आमची इमारत, कितवा मजला, खाली कुठलं दुकान.
माझे बाबा तेलाच्या विहिरीवर, आई दवाखान्यात.
खणखणीत म्हणायचं. पुटपुटायचं नाही.
गॅदरिंगला मुईद परकारने तो असा म्हटला
की मागच्या रांगेत कुणीतरी रुमाल काढला.

त्या शुक्रवारी बाहेर धूळ उठली होती.
अहमदीकडची ज्योतही दिसत नव्हती.
दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून बसलो,
तरी वहीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी
आलीच आत.
मधल्या सुट्टीत मुईद टेबलाशी आला.
‘बाई, एक शंका.
“घरी एकटाच असतोस का?”
यात च कशाला?
एकटा म्हटलं की झालं ना?’

शंका चांगली होती. मी खूश झाले.
म्हटलं, च लावला की बाकी सगळे वजा होतात.
आई वजा, बाबा वजा, शेजारची मावशी वजा
आणि खडू हातातच थांबला.
कुठे वाचलंस हे?

गेममध्ये. ठोकळ्यांचे किल्ले बांधायच्या.
एक दादा आहे, तो मराठी लिहितो, बाई!
ऱ्हस्वदीर्घसुद्धा बरोबर.
त्याने विचारलं, तू कुठला रे?
मग मी आख्खी माझी ओळख टाइप केली.
एकही चूक नाही.

परक्यांशी बोलू नये, हे मीही सांगितलं होतं.
पण लिफ्टमध्ये, बकाल्यात किराणा घेताना,
मराठी कानावर पडलं की आपण गर्रकन वळतो,
‘अय्या, आपल्यातलेच की!’
आणि मुलाला पुढे ढकलतो : नमस्कार कर.
त्याने केला.

मी रागावले नाही. तरी माझा चेहरा बघून
तो रडकुंडीला आला. ‘माझं काय चुकलं?’
धडा चुकला, मुईद. धडा माझा होता.
त्याची आई अदानची रात्रपाळी करून नुकती झोपलेली.
फोन केला तशी धुळीतून आली,
मास्क न काढता सगळं वाचलं, खालून वर,
मग वरून खाली.
पुढचं जे करायचं ते आम्ही मोठ्यांनी केलं.

नंतरच्या शुक्रवारी फळा पुसला.
म्हटलं, आज क्रियापद. आपल्या भाषेत
ते शेवटी येतं, आणि त्याच्याही मागून येतो नकार.
मी माझा पत्ता सांगणार...
इथपर्यंत आलात तरी उशीर झालेला नाही.
एक शब्द शिल्लक असतो.
चौदा जणांनी तो म्हटला,
भिंतीवरच्या कराटेवाल्यांसारखा, पोटातून.

‘समोरचा मराठी असला तरी?’ जुईली म्हणाली.
असला तरी.
‘आपल्या गावचा?’
तरीही.
‘आणि तुमचं नाव सांगितलं तर?’
हे कुणी विचारलं, दिसलं नाही.
मला जरा वेळ लागला.
तरीही. आधी घरी सांगायचं.

मुईदचा हात वर.
‘बाई, नाहीला च लागतो?’
लागतो, रे.
त्याने लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या.

काल बकाल्यात कोथिंबीर निवडताना
एक बाई म्हणाल्या, ‘मराठी का? कुठे राहता?’
चांगल्या वाटत होत्या. पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावत होत्या.
मी हसले. म्हटलं, इथेच, जवळ.
आणि इमारतीचं नाव
तोंडात धरून घरी आले.